कुंतीखालची माती

अकोला, १७ ऑगस्ट २०२५

ताई,

"आधी पान चोळ, मंग नाव घे." माय हे म्हणाली तेव्हा तू सातवीत असशील आणि मी तिसरीत. नळाजवळच्या झुडपाला मी मेंदी म्हणत होते, तू कढीपत्ता म्हणत होतीस, आणि आपण एकमेकींच्या वेण्या धरल्या होत्या. मायने दोघींच्या हातात एकेक पान दिलं. चोळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा वास आला. "कुंती हाय हे," ती म्हणाली. "तोंडानं भांडू नका, नाकानं भांडा."

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. फाडशील तर फाड, पण आधी वाच.

मी सगळं विसरले असं तू म्हणतेस. मी काही विसरलेली नाही. मायची रक्षा तू नदीत जाऊ दिली नाहीस. संत्र्याच्या बगीच्याच्या तोंडाशी, विहिरीजवळ खड्डा केलास, रक्षा त्यात टाकलीस आणि वर कुंती लावलीस. ती गेली त्या पावसाळ्यात मायनेच तुझ्यासाठी गुटी बांधलेली होती, फांदीची साल खरवडून, ओलं शेवाळ लावून, वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून. थोडी रक्षा मी अकोल्यासाठी मागितली तर तू म्हणालीस, "तथी कुठं ठेवशीन? सिमेंटात?" बरोबरच बोललीस. मायच्याच अंगणात आम्ही गाडीसाठी फरशी घातली होती आणि तिच्याखाली मुळं दबून नळाजवळची कुंती वाळून गेली होती. मी गप्प बसले.

पण गेल्या पितृपक्षात मी गप्प बसले नाही, आणि तेव्हापासून तू बोलत नाहीस. तेव्हा सांगितलं तेच आज परत सांगते, कारण सगळ्यांसमोर मी ते नीट सांगितलं नव्हतं. कुंती आणि संत्रा एकाच कुळातले आहेत. संत्र्यावर सिला नावाचा बारीक किडा येतो, डोकं खाली आणि पाठ वर करून कोवळ्या फुटीवर बसतो. ग्रीनिंग नावाचा रोग तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. तुम्ही पाणी तोडून बगीच्याला ताण देता तेव्हा संत्र्याला नवी फूट नसते, किडा उपाशी मरायला हवा. पण विहिरीजवळच्या कुंतीला बारा महिने पाणी आहे आणि बारा महिने कोवळी पानं आहेत. तिथे तो राहतो. संत्र्याला फूट आली की परत जातो.

नर्सरीवाले जिला कामिनी म्हणतात तीच ही. तू म्हणालीस, "कामिनी असन लोकायची. आपली कुंती हाय." मग म्हणालीस, "मायले तोडाले सांगतं काय व?" आणि माझ्यापुढचं ताट उचललंस.

आता भाऊजींचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस. विहिरीकडच्या ओळीतली पानं पिवळी पडून राहिली, म्हणाले, जस्त फवारलं तरी हिरवी होत नाहीत. मी त्यांना काहीच बोलले नाही. तुला सांगते.

एवढंच कर. पिवळं पडलेलं एक पान तोड आणि मधल्या शिरेवर दुमड. पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा असला, एका अर्ध्याचे डाग दुसऱ्या अर्ध्यावर बरोबर बसले, तर बहुतेक जमिनीत काहीतरी कमी आहे, त्यावर औषध आहे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर मला कळव. त्यावर औषध नाही.

मी घाबरट आहे, लहानपणापासून आहे, हे तू सांगायला नको. परवा भाजीबाजारात मी कढीपत्त्याची जुडी उलटसुलट करून पाहत होते, कारण तोही त्याच कुळातला. भाजीवाली म्हणाली, "बाई, साप हाय काय त्याच्यात?"

तुझी
प्रणाली


अकोला, २३ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. एक पान होतं, मधोमध दुमडलेलं.

मी ते उघडलं तेव्हा कॉलेजातून आले होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती. जरासा पिवळेपणा होता, आणि दोन्हीकडे सारखा. मी ते चार वेळा दुमडून पाहिलं. मग पायरीवर बसले आणि खूप रडले. शेजारच्या काकू विचारायला आल्या तर त्यांना म्हटलं, "काही नाही, ताईचं पत्र आलं." त्या म्हणाल्या, "मग रडता काहून? बरी बातमी नाही काय?" मी म्हटलं, बरीच आहे.

सर्वपित्रीला पान वाढलं तेव्हा कावळा लगेच आला. मायला आवडायची म्हणून फोडणीची मिरची ठेवली होती, तीच त्याने आधी उचलली. तुला सांगावंसं वाटलं.

मग, ताई, दोन दिवस गेले. ते पान मी पुस्तकात ठेवायला घेतलं आणि सहज, काही मनात नसताना, कडेचा तुकडा बोटांत चोळला.

हे संत्र्याचं पान नाही.

संत्र्याच्या पानाचा वास मी विसरेन का? हा लिंबाचा वास आहे, जाड, थोडा कडवट. हे जंबेरीचं पान आहे. ज्या खुंटावर आपल्याकडे संत्र्याचा डोळा बांधतात त्या जंबेरीचं. बुंध्याशी खालून जी फूट येते आणि भाऊजी जी दर महिन्याला छाटून टाकतात, तिच्यावरचं. मी जीवशास्त्र शिकवते आणि नुसतं पाहून मला ओळखू आलं नाही, कारण मला ते संत्र्याचंच हवं होतं.

तुझ्याकडून चूक होणार नाही. डोळे झाकून तू जंबेरी आणि संत्रा वेगळे करशील. म्हणजे तू संत्र्याची पानं दुमडून पाहिलीस. एक पाहिलंस, दुसरं पाहिलंस, ओळीत पुढे जाऊन तिसरं पाहिलंस, आणि ती जुळली नाहीत. मग मला पाठवायला जुळणारं पान तू शोधत राहिलीस. शेवटी खुंटाच्या फुटीवर सापडलं.

मी रागावलेली नाही. मला फक्त तू डोळ्यांसमोर दिसते आहेस, वाकून पानं दुमडणारी, आणि कुणी पाहत नाही ना म्हणून मागे बघणारी. आपल्या दोघींत तू न भिणारी होतीस. पावसाळ्यात मोरीत विंचू निघाला तर तू चपलेने मारायचीस आणि मी कॉटवर चढून बसायचे. तूच घाबरलीस तर मी कुणाकडे पाहायचं?

तुला हेही सांगते, मला खात्री नाही. रोग कलमांतूनच आला असेल, कुंतीचा काही दोष नसेल. शेजारच्या बगीच्यातून आला असेल. तपासणीशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मला एक खरं पान पाठव. मी ते तपासायला देते. नाव तुझं सांगणार नाही, गावाचंही नाही.

भाऊजी म्हणतात तू कुंतीच्या आणखी गुट्या बांधल्यास आणि वाटेने ओळ लावलीस. ते हसत होते. म्हणाले, "सासूबाई जित्या होत्या तवा दोन दिवसाच्या वर राहे नाही. आता बाराही महिने मुक्काम हाय, अन् वाढूनच राहिल्या." मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला ती ओळ दिसायला लागली, विहिरीपासून निघून बगीच्याच्या आत आत जाणारी.

प्रणाली


अकोला, ९ नोव्हेंबर २०२५

ताई,

पेटी मिळाली. एवढ्या अबोल्यातही तू आंबिया बहाराच्या, हिवाळ्यातल्या संत्र्यांची पेटी चुकवली नाहीस. एस.टी. स्टँडवरून ऑटोत घालून आणली. ऑटोवाला ओमप्रकाश आपल्या जठारपेठेतलाच आहे, दरवर्षी एक संत्रं हक्काने मागतो. या वर्षी त्याने हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, यंदा माल असा काहून? लिंबं हायत काय?" मी म्हटलं, पहिल्या तोडीची असतील.

तणस बाजूला केलं. फळं लहान आहेत. काही एका अंगाला कललेली आहेत, जणू कुणी ओली असताना दाबली. देठाशी रंग आला आहे आणि बुडाशी हिरवी. एरवी संत्रं बुडाकडून रंगत जातं.

मी एक उभं कापलं. आत मधला दांडा सरळ नव्हता, वाकलेला होता. बिया चपट्या, तपकिरी, काही नुसती टरफलं. फोड तोंडात घातली तर कडू. ताई, मी ते सगळं फळ खाल्लं. मला फेकवलं नाही.

सगळ्यात वरच्या फळाला तू देठासकट एक पान ठेवलं होतंस. तू नेहमी ठेवतेस, पेटी चांगली दिसावी म्हणून. मी ते चोळलं नाही. आधी दुमडलं. डावीकडे शिरेपासून कडेपर्यंत पिवळा पट्टा होता, उजवीकडे फक्त टोकाला एक ठिपका. मग चोळलं. संत्र्याचं होतं.

हे तू मुद्दाम ठेवलंस ना? जंबेरीच्या पानानंतर हे पान. तू बोलायला लागलीस, ताई. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी पेटी परत तणसाने झाकून ठेवली.

पान तपासायला दिलं आहे. पण तुला मला दोघींनाही माहीत आहे. विहिरीकडची ओळ गेली आहे. प्रश्न पलीकडच्या ओळींचा आहे. तिथली झाडं अजून हिरवी आहेत असं भाऊजी म्हणतात. हिरवी म्हणजे चांगली असं नसतं, हा रोग आत शिरल्यावर कितीतरी दिवस दिसत नाही. पण त्यांतली जी खरोखर चांगली असतील ती वाचवायची तर आजारी झाडं काढावी लागतील. आणि कुंती काढावी लागेल. ओळीतली सगळी, आणि विहिरीजवळची पहिली.

मी आता वर्गात शिकवताना मध्येच थांबते. मुलींना वाटतं मॅडम काही आठवत आहेत. मी मोजत असते, तुझ्याकडे अजून किती ओळी राहिल्या.

एकदा फोन उचल. बोलू नकोस. नुसता उचल.

प्रणाली


अकोला, २३ नोव्हेंबर २०२५

ताई,

तपासणीचा निकाल आला. आपल्याला वाटलं तेच आहे. यावर जास्त लिहीत नाही.

आज दुसरंच सांगायचं आहे. ते सांगितल्यावर भाऊजी माझ्याशी बोलणार नाहीत, आणि कदाचित तूही बोलणार नाहीस. तरी सांगते.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक करून बोलत होते. म्हणाले, "प्रणालीबाई, एक काम करा. डोये तपासाच्या नावानं मी तिले अमरावतीले आणतो. तुमी तथी या अन् तिले दोन दिवस अकोल्याले घेऊन जा. बहिणीबहिणीचं मिटलं म्हणून लोकही खुश. मांगून मी पाहून घेतो."

"काय पाहून घेता, भाऊजी?"

"झाडं उपटाची मशीन सांगून ठेवली. अर्ध्या घंट्याचं काम हाय. ती येईन तवा तथी सपाट असन. आठ दिवस रडन, मंग राहीन."

मी म्हटलं, "भाऊजी, तिला न सांगता त्या झाडाला मशीन लागली तर मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही."

"पाय तसाही कुठं ठेवता?" ते म्हणाले. मग म्हणाले, "मले भेव वाटते, बाई. बगीच्याचं वाटते अन् तिचंही वाटते. म्हणून तं चोरून कापतो म्हणलं. तिच्या तोंडावर कापाची माही हिंमत नाही."

त्यांना दोष देऊ नकोस. ते दिवस त्यांनीही पाहिले आहेत.

आपण त्यांबद्दल कधी बोललो नाही. माय तुझ्या घरी आली असताना गेली, आणि मग तू जेवत नव्हतीस. तिला निजवलं होतं त्या सारवलेल्या जागेवरून उठायचीस ती थेट विहिरीच्या काठावर जाऊन बसायचीस, पाय आत सोडून. मी तुझ्या शेजारी बसायचे आणि तुझा पदर माझ्या मनगटाला गुंडाळून घ्यायचे, तुला कळणार नाही असा. तुला कळत होतं का? भाऊजी लांबून उभे राहून पाहायचे, जवळ यायला घाबरायचे. मग तू खड्डा केलास, कुंती लावलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन उठलीस. झाडाला पाणी लागतं म्हणून उठलीस. त्या दिवशी तू पहिल्यांदा भाकर खाल्लीस.

म्हणून, ताई, मला बगीच्याची जी भीती वाटते ती लहान आहे. झाडं परत लावता येतात. मला भीती वाटते ती त्या सकाळची, जेव्हा तू उठशील आणि पाणी घालायला तिथे काही नसेल, आणि विहीर तिथेच असेल. गेले तीन महिने मी तुला झाड काढ म्हणून लिहिते आहे आणि प्रत्येक वेळी पत्र पेटीत टाकून परत फिरताना वाटतं, मी हे काय करते आहे, कुणाला कुठे ढकलते आहे.

पण ते गेलं नाही तर बगीचा तुझ्या डोळ्यांसमोर ओळीओळीने जाईल, आणि तू प्रत्येक ओळीत पानं दुमडत फिरशील. तेही मला पाहवणार नाही. आणि चोरून कापलं तर तू आम्हा दोघांनाही कधी माफ करणार नाहीस. म्हणजे एकच वाट राहते. तुला माहीत असताना, तू उभी असताना, आणि भाऊजींनी ठरवलेली मशीन तू परत पाठवल्यावर, तुझ्या हाताने.

कसं करायचं ते लिहिते. घाईने कापायचं नाही. आधी फवारायचं, सगळ्या कुंत्यांवर आणि आजारी संत्र्यांवर एकाच दिवशी, म्हणजे किडे उडून चांगल्या झाडांवर जाणार नाहीत. मग काढायचं, आणि मुळासकट, नाहीतर परत फूट येते. फांद्या तिथेच जाळायच्या. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. कुऱ्हाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस, मीही लावणार नाही. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझा पदर धरीन, या वेळी तुला दिसेल असा.

आणि मी येताना एक घमेलं घेऊन येते.

इथे अंगणातल्या फरश्या मी काढल्या. गाडी आता रस्त्यावर उभी असते, शेजारच्या काकू म्हणतात, "चांगलं अंगण होतं, भुताटकी झाली काय?" नळाजवळ, जिथे मायची कुंती होती तिथेच, गुडघाभर खड्डा केला आहे. खालची माती अजून काळीच आहे, ताई, सिमेंटाखालीही काळीच राहिली.

मला फांदी नको. गुटी नको, बी नको. तिच्यावर काय बसून येईल सांगता येत नाही, आणि इथे जवळपासच्या कुणाच्या बगीच्याचं वाटोळं व्हायला नको. मायची कुंती आता कुठेच राहणार नाही, हे मला कळतं. त्या खड्ड्यात मी तगर लावीन. ती त्या कुळातली नाही, किड्याला ती नको असते. तू म्हणशील, तगरीले कुठं वास असते? नसू दे. पाणी तर तिलाही लागतं. तू अकोल्याला येशील तेव्हा बादली तुझ्या हातात देईन, आणि तू राहशील तितके दिवस मी तिला हात लावणार नाही.

कुंतीच्या बुडाशी, मुळांच्या खाली, जिथे तू रक्षा टाकली होतीस तिथली माती मला हवी आहे. सात वर्षांपूर्वी मी थोडी रक्षा मागितली होती आणि तू दिली नाहीस. आताही तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. म्हणशील, झाड घेतलंस, आता मायही नेतं काय? मी रिकामं घमेलं घेऊन फाटकाशी उभी असेन.

तिथली एक घमेलं माती मला दे.

तुझी
प्रणाली